झिंक ऑक्साइडचा थर आणि नाशिकचा पावसाळा

निर्यातीच्या द्राक्षपेटीत एक पॅड ठेवलेलं असतं. त्यातल्या सोडियम मेटाबायसल्फाइटला ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी आटोक्यात राहते. वायू कमी पडला तर माल कुजतो, जास्त झाला तर मण्यांचा रंग उडतो. तो मोजणारा स्वस्त सेन्सर करणं हा नाशिकच्या संशोधकासाठी अगदी हाताशी असलेला विषय. चिपच्या कारखान्याला हजारो कोटी लागतात. जाड थराच्या सेन्सरला, म्हणजे पट्टीवर लेप छापून भाजलेल्या सेन्सरला, भट्टी, छपाईची जाळी आणि चांगला मल्टिमीटर पुरतो.

या थराचा लेप असा: झिंक ऑक्साइडची भुकटी वजनाने 70 भाग, उरलेले 30 भाग इथिल सेल्युलोज (बांधून ठेवणारा पदार्थ) आणि टर्पिनिऑल (द्रावक). खलात इतकं घोटायचं की मिश्रण मधासारखं ओघळलं पाहिजे. ॲल्युमिनाच्या (उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या) पट्टीवर जाळीतून छापायचं, इन्फ्रारेड दिव्याखाली सुकवायचं आणि 500 अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजायचं. तापमान मिनिटाला 3-4 अंशांपेक्षा वेगाने चढवू नये. इथिल सेल्युलोज जळून वायू बाहेर पडत असतो. घाई केली की तो थर फोडून निघतो. भेगा पडलेल्या थराचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजला तर तो भेगांचा रोध असतो, पदार्थाचा नव्हे.

हवेतला ऑक्सिजन तापलेल्या थरावर बसतो आणि थरातले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, म्हणून रोध जास्त. एलपीजीसारखा वायू आला की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध उतरतो. हवेतला रोध भागिले वायूतला रोध, ही झाली सेन्सरची संवेदनशीलता. 25 लिटरच्या बंद पेटीत सिरिंजने 25 मिली वायू सोडला की 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) होतात. आत छोटा पंखा नसेल तर हा हिशोब कागदावरच राहतो.

खरा घोळ ओलाव्याचा. पाण्याची वाफही पृष्ठभागावर बसून रोध खाली आणते. त्यामुळे जुलैत मोजलेला सेन्सर आणि जानेवारीत मोजलेला तोच सेन्सर यांचे आकडे जुळत नाहीत, आणि विद्यार्थी दोष भुकटीला देतो. उपाय स्वस्त आहे: पेटीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की खोलीच्या तापमानाला आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते, मॅग्नेशियम क्लोराइडने 33 टक्क्यांच्या. दोन्हींत मोजावं आणि दोन्ही आकडे छापावेत.

दुसरी नेहमीची चूक एक्सआरडीच्या, म्हणजे पदार्थाची स्फटिकरचना दाखवणाऱ्या क्ष-किरण चाचणीच्या, आलेखात होते. या आलेखावरून कणाचा आकार काढणाऱ्या शेरर समीकरणात शिखराची रुंदी रेडियनमध्ये हवी. अंशातच टाकली तर कणाचा आकार 57 पट लहान येतो. झिंक ऑक्साइडची मुख्य शिखरं 31.8, 34.4 आणि 36.2 अंशांना (तांब्याच्या क्ष-किरणांसाठी) दिसली नाहीत, तर पुढचं काही मोजूच नये.

या वाटेवर यायचं तर एमएस्सीनंतर नेट ही राष्ट्रीय परीक्षा किंवा विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा (पेट), मग पीएचडीची किमान 3, सर्वसाधारणपणे कमाल 6 वर्षं. 2023 पासून जेआरएफ (संशोधकाला मिळणारी शिष्यवृत्ती) महिना 37,000 रुपये आहे. पुढे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवावं लागतं, म्हणून भट्टी संध्याकाळी लागते. तिला प्रोग्रॅम होणारा कंट्रोलर नसेल तर रात्र तिथेच जाते.

बहुतेक प्रबंध एलपीजी किंवा इथेनॉलवर होतात, यामागे सोयही आहे: वायू काढला की थर पुन्हा मूळ रोधावर येतो. सल्फर डायऑक्साइड पृष्ठभागावर सल्फेट होऊन चिकटतो, आणि मूळ रोध परत यायला तास लागतात, कधी येतच नाही. द्राक्षपेटीचा विचार करणाऱ्याने पहिल्याच वर्षी एकाच थराला हा वायू 20 वेळा देऊन दर वेळचा हवेतला रोध लिहून ठेवावा. तो सतत सरकत असेल तर पदार्थ तेव्हाच बदलावा, चौथ्या वर्षी नव्हे.