निदान (रोगनिदान)

निदान म्हणजे आजार कोणता ते ठरवणं. पेशंटला विचारून, हात लावून, आणि लागलंच तर रक्त, लघवी, एक्सरे, सोनोग्राफी करून डॉक्टर ते ठरवतात. इंदूरकडच्या मराठीत याला सरळ जांच म्हणतात, "जांच करवली का", "जांचमधे काय निघालं", पण जांच म्हणजे चाचणी आणि निदान म्हणजे त्यावरून काढलेला निष्कर्ष, हे दोन वेगळे ठेवलेले बरे.

शब्दाचा घोळ जुना आहे. ऋग्वेदात निदान म्हणजे दावं, बांधायची दोरी, असा अर्थ कोशात देतात, पुढे तो मूळ कारण असा झाला. चरकसंहितेच्या निदानस्थानात हेतू, निमित्त, कारण, प्रत्यय हे सगळे निदानाचे पर्याय म्हणून दिलेत, म्हणजे तिथे निदान हे आजाराचं कारण आहे, आजार ओळखणं नाही, आणि बौद्धांची बारा निदानं, म्हणजे दुःखाच्या कारणांची साखळी, पण याच अर्थाची. ओळखणं हा अर्थ बहुधा निदानपंचकातून आला असावा: निदान (कारण), पूर्वरूप (आजाराआधीच्या खुणा), रूप (लक्षणं), उपशय (कशाने बरं वाटतं), संप्राप्ती (आजार कसा घडत गेला) या पाचांवरून रोग कळतो, त्यातलं पहिलं नाव सगळ्या पाचांना पडलं, हे मत जास्त सरळ वाटतं. "निदान चहा तरी घे" मधलं निदान मात्र अखेर, शेवटी या अर्थातून आलेलं दिसतं, जुन्या हिंदीत पण निदान म्हणजे अखेर.

नुसतं रोग ओळखण्यावरचं सगळ्यात मान्य जुनं पुस्तक म्हणजे माधवकराचा रुग्विनिश्चय, ज्याला सगळे माधवनिदान म्हणतात. काळ साधारण ७ वं-८ वं शतक धरतात. काही जुन्या लेखकांनी हा माधव म्हणजे विजयनगरचे माधवाचार्य असं मानून त्याला १४ व्या शतकात टाकलं, पण ते टिकत नाही, कारण ९ व्या-१० व्या शतकातला वैद्य वृंद आपल्या ग्रंथात रोगांचा क्रम माधवाचाच घेतो, ८५० च्या सुमारास अरबीत लिहिणाऱ्या अली इब्न रब्बान अत-तबरीकडे चरक-सुश्रुताबरोबर निदान नावाच्या ग्रंथाचाही आधार दिसतो, शिवाय आपला माधव इंदुकराचा मुलगा आणि विजयनगरचे मायणाचे.

नाडीचा वाद याहून मोठा. नाडीपरीक्षा हजारो वर्षांची असं सर्रास सांगतात, पण चरक-सुश्रुतात मनगटाची नाडी बघून रोग सांगायची पद्धत सापडत नाही, वाग्भट पण दर्शन, स्पर्शन, प्रश्न हे तीनच सांगतो. नीट मांडलेली नाडी येते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे १३ व्या-१४ व्या शतकाच्या आसपास. मग ती आली कुठून? कोणी चीन म्हणतं, कोणी दक्षिणेतले सिद्ध वैद्य, कोणी युनानी हकीम. काळ बघता हकिमांची वाट जास्त पटते, पण उपमा बघा: युनानीत नाडी हरणासारखी, मुंगीसारखी, किड्यासारखी चालते, आणि शार्ङ्गधरात वाताची जळू-सापासारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी, कफाची हंस-कबुतरासारखी. म्हणजे कल्पना बाहेरून आली असली तरी दोषांच्या हिशोबात बसवायचं काम इथल्याच वैद्यांचं, एवढं म्हणता येतं.

आजच्या डॉक्टरची तपासणी चार कामांची: बघणं, चाचपणं, ठोकणं, ऐकणं. छाती ठोकून आवाजावरून आत पाणी आहे का ते ओळखायची पद्धत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने १७६१ मधे छापली. फ्रेंच डॉक्टर लाएनेकने १८१६ मधे कागदाची सुरळी छातीवर धरली, त्यातून स्टेथोस्कोप निघाला. क्षयाचे जंतू १८८२, एक्सरे १८९५. याच्या आधी बराचसा भर विचारण्यावर, आणि आजही ताप कधीपासून, थंडी वाजून येतो का, घरात अजून कोणाला आहे का, एवढ्यावर अर्धं काम होतं. पापणी खाली ओढून फिकेपणा बघायला पाच सेकंद लागतात, तेवढं तरी प्रत्येक डॉक्टरने करावंच.

विडाल टेस्ट १८९६ ची, टायफॉइडसाठी, आणि आपल्याकडे अजून धडाधड लिहिली जाते. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेले पदार्थ मोजते, आणि जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे तिथे जुन्या तापाने किंवा लशीने पण ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एका विडालवर टायफॉइड पक्का करणं चूक आहे, खात्रीसाठी ब्लड कल्चर लागतं आणि ते अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यावं. मलेरियाला रक्ताची पट्टी, जाड पट्टीत परजीवी पटकन सापडतो, पातळ पट्टीत त्याची जात कळते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच असं का धरू नये, हे आकड्यात बघू. समजा १००० लोकांत १० जणांना एक आजार आहे, आणि टेस्ट ९० टक्के आजारी बरोबर पकडते, ९० टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. १० पैकी ९ पकडले, पण ९९० निरोग्यांतले ९९ पण पॉझिटिव्ह आले. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी ९, म्हणजे बारात एक. तीच टेस्ट लक्षणं असलेल्या पेशंटवर केली की तिची किंमत कितीतरी वाढते, म्हणून लक्षण नसताना ऐंशी टेस्टांचं पॅकेज घेऊन घाबरणाऱ्यांची फार काळजी वाटते.

इंदूरमधे पाश्चात्त्य वैद्यकाचं शिक्षण १८७८ मधे सुरू झालेल्या, पुढे किंग एडवर्ड नाव पडलेल्या मेडिकल स्कूलपासूनचं, १९४८ मधे महात्मा गांधी मेडिकल कॉलेज झालं, त्याला जोडलेलं महाराजा यशवंतराव हॉस्पिटल सगळे एमवाय म्हणतात. एक गोष्ट इथल्यांनी खास लक्षात ठेवावी. उपाशीपोटीच्या साखरेला किमान आठ तास पाण्याशिवाय काही चालत नाही, आणि सकाळी लॅबकडे जाता जाता पोहे-जिलेबीची एक प्लेट झाली, वर चहा, तर १२६ ची डायबिटीसची रेघ त्या आकड्याला लावता येत नाही. खाल्लं असेल तर रक्त घेणाऱ्याला तसं सांगावं, तो दुसऱ्या दिवशी बोलावेल, किंवा डॉक्टर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) लिहितील, त्याला उपाशी राहावं लागत नाही, मात्र सिकलसेल किंवा बराच ॲनिमिया असेल तर तो आकडा पण फसवतो.