पारंब्यांवरून वडाची सोयरीक ठरत नाही

वटपौर्णिमेला बडोद्याच्या दांडिया बाजारात हमखास ऐकू येतं: "पारंब्या लोंबतात तो वड. पिंपळाला नाहीत, म्हणजे त्याचं नि वडाचं काही नातं नाही. आणि उंबराला तर फूलच येत नाही!" वडावरून ज्याचं नाव पडलं, त्या गावात हे ऐकावं, ही गंमतच.

पारंब्या ही काही वडाची मक्तेदारी नाही. शोभेच्या रबराच्या झाडालाही त्या फुटतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आधी फुलोरा बघतात. उंबराचं कोवळं फळ उभं चिरून पाहा: आत पोकळी आणि तिच्या भिंतीला चिकटलेले शेकडो बारीक कण. तीच फुलं! टोकाच्या छिद्रातून चिलटाएवढा कीटक आत शिरतो आणि परागण करतो. म्हणजे 'फळ' म्हणतो तो खरं तर आत वळलेला फुलोरा. उंबराचं फूल दुर्मीळ नाही, झाकलेलं आहे.

असा फुलोरा असलेली झाडं 'फायकस' या एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) येतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये वड, पिंपळ, उंबर, अंजीर या सगळ्यांना हेच आडनाव दिलं. (शास्त्रीय नावात आडनाव आधी, नाव नंतर, आपल्या उलट.)

घरातल्या वाटण्या पुढे. वड-पिंपळाची फळं पानांच्या बगलेत, जोडीनं, बिनदेठाची. उंबराची थेट खोडावर, घोसानं. अशा खुणांवरून आणि आता डीएनए तपासून उपप्रजाती (प्रजातीतले पोटगट) पाडतात. त्यात वड-पिंपळ एकत्र येतात, उंबर वेगळा. थोडक्यात, पिंपळ हा वडाचा सख्खा आणि उंबर चुलत.