तपासायला दिलेलं वाक्य

पीएचडीच्या प्रबंधाचा मसुदा हातावेगळा झाला की अनेक विद्यार्थी एक काम गुपचूप करतात. ग्रंथालयातून वाङ्मयचौर्य तपासणीचा अधिकृत अहवाल निघायच्या आधी ‘आकडा किती येतोय’ हे बघायला अख्खं प्रकरण एखाद्या फुकट संकेतस्थळावर चिकटवतात. इतरांच्या लिखाणाशी साम्याची टक्केवारी दहाच्या आत दिसली की जीव भांड्यात पडतो. तेवढ्या वेळात मजकूर कुठे कुठे फिरून आला, हा प्रश्न त्या घाईत कोणाला सुचत नाही.

अशा फुकट तपासनीसाकडे स्वतःचा मोठा संग्रह सहसा नसतो. तो मजकुराचे तुकडे पाडतो आणि एकेक तुकडा सर्च इंजिनाला विचारतो. गूगलवर पूर्वी एका शोधात दहाच शब्द चालत. २००५च्या सुमारास ही मर्यादा ३२ शब्दांवर गेली आणि पुरं वाक्य एका दमात विचारता येऊ लागलं. वेबवरचे लेख कोणी उचललेत का ते शोधणारं ‘कॉपीस्केप’ त्याच्या जरा आधी, २००४ साली आलं होतं. यातली मेख अशी की तुमचं वाक्य हाच प्रश्न असतो. ते समोर ठेवल्याशिवाय उत्तर मिळत नाही आणि ठेवलं की ते तुमच्याच हातात राहत नाही. इथे कोणी काही चोरत नाही. व्यवस्थाच तशी आहे.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘पण नाव कुठे जातं?’ ते खरं आहे. सर्च इंजिनाला बहुतेक वेळा तपासनीसाच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. पण ऑगस्ट २००६मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे दोन कोटी शोध खुले केले, तेव्हाही नावं काढून फक्त क्रमांक ठेवले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी ४४१७७४९ या क्रमांकामागची बाई काही दिवसांत शोधून काढली, तीही निव्वळ तिने काय काय शोधलं त्यावरून. तिथे दोन-चार शब्दांचे शोध होते. इथे तर सलग परिच्छेद जातात, आणि कित्येकदा वरच्या पानावरचं नाव, गाईडचं नाव, महाविद्यालय हेही सोबत चिकटवलेलं असतं.

त्या काळात आणखी एक भोक होतं. गूगलच्या निकालावर क्लिक केलं की शोधलेले शब्द पुढच्या संकेतस्थळाच्या मालकालाही पोचत. यावरून अमेरिकेत २०१० साली खटला उभा राहिला. २०११पासून गूगलने लॉगिन केलेल्यांचे शोध कूटबद्ध करायला घेतले आणि ते भोक हळूहळू बुजलं.

संस्थांनी विकत घेतलेल्या साधनांची गोष्ट वेगळी. नव्वदच्या दशकात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या खटपटीतून उभं राहिलेलं टर्निटिन मजकूर स्वतःकडेच साठवतं. त्याविरुद्ध व्हर्जिनिया आणि ॲरिझोनातले चार शालेय विद्यार्थी २००७ साली कोर्टात गेले. ‘आमचे निबंध आमच्या मर्जीविरुद्ध का ठेवता?’ हा त्यांचा सवाल होता. २००८मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २००९मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला: हा वापर कॉपीराइट कायद्यात बसतो. खालच्या कोर्टाने तर ‘आय ॲग्री’वरचं क्लिक अल्पवयीन मुलांनाही बांधतं असं म्हटलं. मला तो निकाल कायद्यापुरता पटतो. पण शाळेने सक्ती केल्यावर मुलाच्या ‘ॲग्री’ म्हणण्याला अर्थ तो काय उरतो?

फुकट साधनांवर टाकलेला मजकूर थेट चव्हाट्यावर येऊ शकतो, हे २०१७ साली नॉर्वेत दिसलं. ट्रान्सलेट डॉट कॉमवर भाषांतरासाठी टाकलेली कंपन्यांची पत्रं, करार, पासवर्डसुद्धा गूगलवर शोधून मिळत असल्याचं तिथल्या एनआरके वाहिनीने दाखवलं. ते साधन भाषांतराचं होतं, पण चिकटवण्याचा चौकोन तोच.

आपल्याकडे ही घाई आली ती यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या विनियमांनी. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. दहा ते चाळीसला सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. चाळीस ते साठला वर्षभर बंदी. साठच्या वर नोंदणीच रद्द. २०१९मध्ये ‘शोधशुद्धी’ या सरकारी योजनेतून विद्यापीठांना उरकुंड हे स्वीडिश साधन मिळालं, पुढे त्याची जागा भारतीय ड्रिलबिटने घेतली. पण लॉगिन बहुधा ग्रंथपालाकडे किंवा गाईडकडे असतं, आणि आपला कच्चा खर्डा त्यांना दाखवायला कोण धजावणार? म्हणून पुन्हा फुकटचा रस्ता. तिथल्या एखाद्या साधनाने मजकूर साठवून ठेवला, तर पुढच्या तपासणीत स्वतःचाच प्रबंध स्वतःशी शंभर टक्के जुळण्याचीही शक्यता राहते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्यावरचा डेटा संरक्षण कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५चे, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने. समाजशास्त्राच्या प्रबंधाला तर मुलाखतींचं परिशिष्ट असतं. एखाद्या ऊसतोड बाईने संमतीपत्रावर अंगठा दिलेला असतो तो समोर बसलेल्या संशोधकावर भरवसा ठेवून. तिचे शब्द ‘तपासा’ या बटणावरून पुढे जातील, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.