लगूना माद्रेतील उथळ पाण्याची गळ-मासेमारी

अमेरिकेच्या टेक्सस राज्याचा दक्षिण किनारा आणि पाद्रे बेट यांच्या मध्ये कोंडलेल्या लगूना माद्रे या खारकच्छात (समुद्रालगतच्या उथळ खाऱ्या सरोवरात) रॉड-रीलने, बहुतेक खोट्या आमिषावर, हौसेखातर केली जाणारी मासेमारी. कोकणात जिला ‘गरवणे’ म्हणतात तीच ही. फरक एवढाच की दोरापासून होडीच्या तळापर्यंत इथले सगळे सामान गुडघाभर पाण्यासाठी घडवलेले असते. मेक्सिकोच्या आखाताच्या साऱ्या किनाऱ्यावर अशी मासेमारी चालते, पण उथळपणाचे फायदे आणि त्याची किंमत लगूना माद्रेइतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

हे खारकच्छ कॉर्पस क्रिस्टी शहरापासून मेक्सिकोच्या सीमेजवळच्या पोर्ट इझाबेलपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पसरले आहे. समुद्राकडून त्याला झाकणारे पाद्रे बेट सुमारे १८० किलोमीटर लांबीचे असून अशा वाळूच्या बेटांमध्ये जगात सर्वांत लांब मानले जाते. बेटाचे नाव निकोलास बाय्यी या धर्मगुरूवरून पडले. मराठीतला ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आला आणि हा ‘पाद्रे’ स्पॅनिशांकडून, पण शब्दाचे मूळ एकच. खारकच्छाच्या मोठ्या भागात पाणी एक मीटरच्या आसपास असते. मोठी नदी थेट येऊन मिळत नाही, पाऊस कमी, ऊन कडक, आणि समुद्राशी जोडणारी तोंडे थोडी. त्यामुळे इथले पाणी समुद्रापेक्षाही खारट होते. जगात अशी अतिखारी खारकच्छे मोजकीच आहेत. मिठागरात पाणी अडवून मीठ पिकवतात, तेच इथे निसर्ग अर्ध्यावर आणून सोडतो. उत्तर आणि दक्षिण भागांच्या मध्ये पूर्वी वाळू-चिखलाचे सपाट मैदान होते. १९४९ मध्ये मालवाहू बार्जेससाठी त्यातून कालवा खणला गेला तेव्हा दोन्ही भाग पाण्याने जोडले गेले आणि खारटपणाही उतरला. हा कालवा पुढे माशांच्या जिवावर बेतल्यावर कामी आला. त्याविषयी खाली येईल.

उथळ आणि नितळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, म्हणून तळाशी सागरी गवताची कुरणे माजतात. टेक्ससमधल्या अशा गवतापैकी सुमारे ८० टक्के एकट्या लगूना माद्रेत आहे. गवतात कोळंबी, खेकडे आणि बारीक मासळी वाढते, आणि त्यांच्या मागे शिकारी मासे येतात. त्यात मान रेडफिशचा. तांबूस अंग, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. दुसरा ठिपकेदार सी-ट्राउट. नावात ट्राउट असला तरी थंड नद्यांतल्या ट्राउटशी त्याचे काही नाते नाही. हे दोन्ही मासे आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातले. हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढण्याची या कुळाची खोड त्यांच्यातही आहे; उन्हाळ्याच्या रात्री अंडी घालायच्या वेळी नर ट्राउट पाण्याखाली डराव-डराव करतात. तिसरा फ्लाउंडर, लेपाच्या जातीचा चपटा मासा, तळाला वाळूत अंग पुरून बसणारा. आणि या सगळ्यांचे खाद्य म्हणजे बोय. कोकणातल्या खाडीत उड्या मारणारी मोठी बोय आणि लगूना माद्रेतली बोय एकाच जातीच्या आहेत. मराठी माणसाला इथल्या पाण्यात ओळखीचे काही दिसलेच तर आधी तीच दिसेल.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो आणि कोळ्याचे घड्याळ त्यावर चालते. लगूना माद्रेच्या आतल्या भागात भरती बोटभरच चढते. पाणी हलवतो तो वारा. वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो आणि पाणी उत्तरेकडे ढकलत राहतो. हिवाळ्यात ‘नॉर्दर’ म्हणजे उत्तरेची थंड लाट आली की तेच पाणी उलटे दक्षिणेला पळते आणि आदल्या दिवशी होडी तरंगत होती तिथे ओला चिखल उरतो. म्हणून इथला गरवणारा भरतीच्या कोष्टकाआधी वाऱ्याचा अंदाज पाहतो.

त्यानंतर पाहायचे ते पाणी. रेडफिश उथळात खेकडे धुंडाळताना डोके खाली खुपसतो आणि शेपूट पाण्याबाहेर हलत राहते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती तांब्याच्या पत्र्यासारखी चमकते. खोल पाण्यात मासा शोधून देणारी सोनारयंत्रे या पाण्यात फारशी कामाची नाहीत. परावर्तित प्रकाश कापणारा ध्रुवीकरणाचा चष्मा मात्र हवाच. तो नसेल तर आकाशाचे प्रतिबिंब तेवढे दिसते. कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालून ओरडत असतील तर खाली ट्राउट कोळंबीला वर हाकलतात असे समजावे. कुठे तेलाचा थेंब पसरल्यासारखा गुळगुळीत तवंग उठतो. मासे खाताना निसटलेल्या चरबीचा तो. त्याला कलिंगडासारखा वास येतो असे इथले जुने लोक सांगतात, आणि नव्यांना ते थट्टा वाटते. तवंग नुकताच उठलेला असेल, म्हणजे लहान आणि काठाने रेखीव असेल, तरच त्याच्यावर आमिष टाकण्यात अर्थ. पसरलेला तवंग वाऱ्याने कुठून तरी वाहून आलेला असतो.

सामानाचा विचार होडीपासून करावा लागतो. नेहमीच्या होडीचा पंखा तळाच्या खाली असतो, त्यामुळे ती एक मीटर पाण्यातही अडते. इथल्या होड्यांच्या तळाला मागच्या बाजूस बोगद्यासारखी खोबण असते. होडी धावताना पाणी त्या खोबणीतून वर चढते, म्हणून इंजिन उंच बसवूनही पंख्याला पाणी मिळते. इंजिन आणखी वर-खाली करायला हायड्रॉलिक पट्टी असते. अशी होडी वेगात असताना वीतभर पाण्यावरून जाते. थांबली की मात्र तिला जास्त पाणी लागते, आणि नवशिका फसतो तो इथेच. उभे राहायचे तर नांगर टाकत नाहीत, कारण साखळीचा आवाज उथळ पाण्यात लांबवर जातो. होडीच्या मागच्या बाजूला बसवलेला फायबरचा खांब बटण दाबल्यावर मुकाट तळात रुततो. पुढच्या बाजूची विजेवरची मोटर उपग्रहाच्या आधारे होडी एका जागी धरून ठेवते. इतके सगळे जमवूनही अनेक जण शेवटी वल्ह्याची चिंचोळी होडी, म्हणजे कायाक घेतात, आणि शांत पाण्यात तीच बहुधा सरस ठरते.

रॉड ग्रॅफाइटचा, साडेसहा-सात फुटांचा, हाताला जेमतेम जाणवणारा. खरा बदल घडवला तो दोराने. पूर्वीच्या नायलॉनच्या तंगूसऐवजी आता पॉलिथिलीनच्या अतिबारीक तंतूंचा विणलेला दोर वापरतात. २० पौंड ताण सोसणारा असा दोर साधारण ६ पौंडी तंगूसइतका बारीक असतो. तो लांब जातो आणि ताणत नाही, त्यामुळे ४० मीटरवर माशाने आमिषाला नाक लावले तरी बोटाला कळते. पण तो पाण्यात दिसतो आणि शिंपल्यांवर घासून तुटतो, म्हणून शेवटचा हातभर भाग पाण्यात सहसा न दिसणाऱ्या, चिवट फ्लुओरोकार्बनचा. ट्राउटचे तोंड कागदासारखे नाजूक असते. न ताणणाऱ्या दोराने हिसका दिला की गरी ओठ फाडून निघते. म्हणून रीलचा ब्रेक सैल ठेवतात आणि माशाला आपण होऊन दमू देतात.

खोट्या आमिषांत रोजचे काम रबरी शेपटीवाल्या मासळीचे, तिच्या डोक्यात दीड ते साडेतीन ग्रॅमचे शिसे. गवतात अडकू नये म्हणून गरीचे टोक रबरातच लपवतात. पहाटे वारा पडलेला असताना पृष्ठभागावर डावी-उजवीकडे डुलत चालणारे प्लास्टिकचे मासे वापरतात; त्यांच्यावर ट्राउट तुटून पडतो तेव्हा होणाऱ्या आवाजासाठीच काही लोक या मासेमारीत राहतात. हिवाळ्यासाठी ह्यूस्टनच्या पॉल ब्राउन यांनी बनवलेले ‘कॉर्की’ प्रसिद्ध आहे. मऊ अंगात तार असल्याने ते हाताने वाकवता येते, आणि ते इतके सावकाश बुडते की गारठून मंदावलेल्या मोठ्या माशालाही ते गाठता येते. नवख्याला मात्र ‘पॉपिंग कॉर्क’ म्हणतात तो तरंगकच बरा: झटका दिला की तो पाण्यात ‘डुबुक’ असा आवाज करतो, ट्राउट जेवतोय असे दुसऱ्या ट्राउटला वाटते, आणि तो तरंगकाखालच्या कोळंबीकडे येतो. गरीला जिवंत क्रोकर (ट्राउटच्याच कुळातला लहान मासा) लावणाऱ्यांना खोट्या आमिषाचे लोक नाके मुरडतात. हा वाद टेक्ससच्या प्रत्येक धक्क्यावर ऐकू येतो आणि मिटायची चिन्हे नाहीत.

बरेच जण होडी उभी करून पाण्यात उतरतात. चालायची रीत ठरलेली आहे: पाऊल उचलायचे नाही, तळावरून सरपटवत न्यायचे. वाळूत लपलेल्या पाकटाला पाय लागला तर तो बाजूला होतो. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा घोट्यात बसतो. काटा आत न जावा असे जाड बूट मिळतात. अंगावर जखम असेल तर उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात उतरू नये, कारण व्हिब्रिओ जिवाणूचा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

मोठ्या ट्राउटसाठी नाव आहे ते पश्चिमेला फुटलेल्या बॅफिन बेचे. तिथे हजारो वर्षांपूर्वी नळीकृमींनी बांधलेले खडक आहेत. कृमी नाहीसे झाले, खडक राहिले. मासे त्यांच्या आडोशाने राहतात आणि अनोळखी होड्यांचे तळ त्यांच्यावर फुटतात. राज्यातला विक्रमी ट्राउट मात्र दक्षिण लगूना माद्रेत २००२ मध्ये मिळाला: १५.६ पौंड, म्हणजे सात किलोंच्या वर, लांबी ३७.२५ इंच. तो पिसांपासून बनवलेल्या खोट्या माशीच्या आमिषावर लागला होता आणि मोजून परत सोडला गेला.

रेडफिश आणि ट्राउट आज हौशी लोकांसाठी राखीव आहेत, ते भांडणाशिवाय झाले नाही. १९७० च्या दशकात जाळ्यांनी रेडफिश झपाट्याने कमी होऊ लागला. १९७७ मध्ये ह्यूस्टनच्या काही गरवणाऱ्यांनी संघटना काढली आणि विधिमंडळात जोर लावला. १९८१ मध्ये टेक्ससने आपल्या पाण्यातला रेडफिश आणि ठिपकेदार ट्राउट विकायला बंदी घातली. त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्सचे बल्लवाचार्य पॉल प्रुडोम यांचा मसाला लावून काळा भाजलेला रेडफिश देशभर गाजला आणि उघड्या आखातातले मोठे, अंड्यांवरचे मासे पोत्यांनी निघू लागले. तेव्हा केंद्र सरकारलाही आपल्या हद्दीत मासेमारी थांबवावी लागली. जाळीवाल्या कुटुंबांच्या दृष्टीने पाहिले तर पोटाच्या मासेमारीवर हौसेच्या मासेमारीने मिळवलेला हा विजय होता, आणि तो राग किनाऱ्यावर अजून आहे. ब्लॅक ड्रम हा त्याच कुळातला मासा मात्र आजही लांब दोरीला ओळीने गऱ्या बांधून विक्रीसाठी पकडतात. हॉटेलात मिळणारा टेक्ससचा रेडफिश आता तळ्यात वाढवलेला असतो.

नियमांमागे माशाचे आयुष्य आहे. रेडफिश तीन-चार वर्षे खारकच्छात वाढतो, साधारण २८ इंचांचा झाला की आखातात जातो आणि तिथे चाळीस वर्षेही जगतो. म्हणून २० ते २८ इंचांतलेच मासे, दिवसाला तीन, ठेवता येतात. त्याहून मोठ्यासाठी परवान्यासोबत वेगळे लेबल लागते. फ्लाउंडर अंडी घालायला समुद्राकडे निघतो त्या काळात, १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर, त्याला पकडायला बंदी.

उथळपणाची किंमत थंडीत कळते. पाणी जितके कमी तितके ते लवकर गार होते. डिसेंबर १९८३ आणि १९८९ च्या गोठवणाऱ्या लाटांत लाखो मासे मेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेल्याचा सरकारी अंदाज होता. त्यात ठिपकेदार ट्राउट सुमारे १ लाख ६० हजार, आणि सर्वाधिक झळ लगूना माद्रेला. अशा वेळी जगायला एकच जागा असते, खोल कालवा. मासे त्यात दाटीवाटीने उतरतात आणि थंडीने बधिर होतात. गरवणाऱ्यासाठी ती लूटच. म्हणून लाट आली की राज्य सरकार अशा खोल आसऱ्यांत मासेमारी बंद करते, आणि बार्जवालेही बधिर मासे पंख्यात सापडू नयेत म्हणून वाहतूक थांबवतात. २०२१ नंतर ट्राउटची मर्यादा कमी झाली. २०२४ पासून राज्यभर दिवसाला तीन, १५ ते २० इंचांचे.

१९८९ च्या लाटेच्या पाठोपाठ पाण्याला चहाचा रंग आला. सूक्ष्म शेवाळाचा हा ‘तपकिरी पूर’ १९९० पासून जवळपास आठ वर्षे टिकला. ऊन तळाला पोचेना, गवताची काही कुरणे मेली, आणि पाहून मासा धरण्याची गोष्टच संपली. पाणी पुढे निवळले, पण गवताचा दुसरा शत्रू होड्यांबरोबर वाढत गेला: वीतभर पाण्यात शिरलेला पंखा मुळांसकट गवत उपटतो आणि मागे पांढरा चर सोडतो. विमानातून हे चर नांगरटीसारखे दिसतात, आणि काही जातींच्या गवतात ते भरायला कित्येक वर्षे लागतात. टेक्ससने आधी रेडफिश बे या शेजारच्या उपसागरात आणि २०१३ पासून राज्यभर पंख्याने गवत उपटणे गुन्हा ठरवले. दंड जास्तीत जास्त ५०० डॉलर, म्हणजे तो चर पाडणाऱ्या होडीच्या किमतीपुढे चिल्लर.