दहा हजार तासांचा दावा आणि झोपेची किंमत

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना हमखास ऐकवले जाते की, दहा हजार तास घातले की माणूस कोणत्याही विषयात निष्णात होतोच. आणि ते तास लवकर भरावेत म्हणून झोप, खेळ, घरची लग्नकार्येही सोडली जातात. हा दावा चुकीचा आहे.

त्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आहे. दहा हजार ही सर्वोत्तम गटातील अवघ्या दहा जणांची, विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची सरासरी होती. त्यांतले कित्येक तिच्या खालीच होते, आणि इतके तास भरले की प्रावीण्य मिळते, असे संशोधकांनी म्हटले नव्हते.

त्याच अभ्यासातील दुसरी नोंद मात्र सोयीस्करपणे गाळली जाते. सर्वोत्तम गटातले हे वादक रोज साधारण साडेतीन तासच एकट्याने सराव करत, मध्ये विसावा घेत, दुपारी डुलकी काढत आणि आठवड्याला सुमारे ६० तास झोपत. सर्वांत कमी सराव करणारा गट उलट कमी, सुमारे ५५ तास झोपत असे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना पत्र्याखालच्या खोलीत डोळे ताणणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. शिवाय व्हायोलिन चांगले वाजवणाऱ्यांची संख्या कोणी ठरवून दिलेली नसते. सरकारी भरतीत जागा मोजक्याच असतात, आणि सर्वांनी तास वाढवले तरी त्या वाढत नाहीत.