पांदणीतला काटा, फाट्यावरची वही

कापूस मोजायचा टांगता काटा बंडी आणि ट्रॅक्टरच्या मध्ये अडकवलेला मी पहिल्यांदा पाहिला तो यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका पांदणीत, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला एक पोरगा दोरीची गाठ पुन्हा पुन्हा आवळून पाहत होता. भरलेली बंडी ओढायला किती जोर लागतो, ते त्याला मोजायचं होतं. बंडीचा मालक काडीनं टायरवरचा चिखल खरवडत म्हणाला, "पाण्यापावसाचं अर्धीच भरा लागते भाऊ, नाही तं बैलं बसते."

या एका वाक्यात बरंच भौतिकशास्त्र आहे. चाक फिरताना टायर दबतो, जमीनही दबते आणि त्या दबण्यात ऊर्जा खर्च होते. हवेच्या टायरची बंडी चांगल्या डांबरी रस्त्यावर ओढायला एकूण वजनाच्या साधारण २ टक्के जोर पुरतो. ओल्या, मऊ मातीत तोच २० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे मालासकट एक टन भरणारी बंडी डांबरावर २० किलोच्या ओढीनं चालते आणि चिखलात तिला २०० किलोची ओढ लागते. बैल दिवसभर कामाला असेल तर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढाच जोर सतत लावू शकतो. चारशे-चारशे किलोची जोडी धरली तर ८० किलो! घटकाभर ती याहून जास्त ओढते, पण अख्खी पांदण नाही.

हा चिखल आपल्या काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजामुळे होतो. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून पांदणीवर नुसता मुरूम टाकला तर तो एकदोन पावसाळ्यांत खाली दबून जातो.

बॅटरीवरच्या मालवाहू गाडीलाही हेच गणित लागू आहे. कमी वेगात तिची बहुतेक ऊर्जा चाकांचा हा रोध मोडण्यातच जाते. गुळगुळीत रस्त्यावर मोजलेला पल्ला पांदणीत कुठल्या कुठे घसरतो. खेड्यात इलेक्ट्रिक वाहनं यावीत असं मलाही मनापासून वाटतं, पण त्याआधी हे आकडे आपल्याच मातीत घेतलेले हवेत.

त्याच पोराची वर्गमैत्रीण फाट्यावर वही घेऊन बसायची. एसटी कधी आली, काळीपिवळी कधी भरून निघाली, कॉलेजच्या किती पोरी उभ्या राहिल्या, अशा नोंदी. काम साधं दिसतं, पण त्यातून फार मोलाची गोष्ट कळते. समजा, चार तासांत दोन बस आहेत. त्या बरोबर दोन-दोन तासांनी आल्या, तर वेळापत्रक न बघता फाट्यावर येणाऱ्याला सरासरी ६० मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस एकदा तीन तासांनी आणि एकदा एका तासानं आल्या, तर सरासरी ७५ मिनिटं होते, कारण जास्त माणसं त्या तीन तासांच्या खंडातच सापडतात. एकही नवी बस न घेता, डिझेलचा थेंब न वाढवता पंधरा मिनिटं वाचू शकतात. ती वाचली तर दुचाकी घेण्याची निकडही थोडी कमी होते.

असं काम करणाऱ्या पोरांना मोठी यंत्रं लागत नाहीत. फाट्यापर्यंतचं भाडं हवं, उन्हातान्हात गावात येणारा मार्गदर्शक हवा. नागपूरच्या व्हीएनआयटीत वाहतूक अभियांत्रिकी आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे. बंडीचा प्रश्न नेमका या दोहोंच्या मधला आहे, म्हणून दोन्हीकडची पोरं एका पांदणीत उतरली पाहिजेत. उच्च शिक्षणसंस्थांना गावांशी जोडणारं उन्नत भारत अभियान २०१४ पासून आहेच, त्यातून हे होऊ शकतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते कॅलेंडर. प्रकल्पाच्या कामाला जोर चढतो जानेवारीनंतर आणि तो सादर होतो उन्हाळ्यात, तेव्हा पांदण दगडासारखी टणक असते. चिखल असतो जुलै-ऑगस्टमध्ये. मोजणी पावसाळ्यात करू द्यावी आणि तीच पांदण पुढच्या वर्षीच्या तुकडीच्या हाती सोपवावी, एवढं कॉलेजनं केलं तरी तीन-चार वर्षांत ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगे आकडे जमतील.

त्या दिवशी आकडा काही निघाला नाही. दुपारी पुन्हा पाऊस आला, काट्याची बॅटरी भिजली. पोरानं काटा पॉलिथिनमध्ये गुंडाळला आणि बंडीवाल्याला विचारलं, "काका, उद्या सकाळी बैलं मोकळे आहेत का?"