रामबाम की रामबान?

दोघांचं नाव मोशे. दोघंही आजच्या स्पेनमध्ये जन्मलेले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, दोघंही वैद्यकी करणारे, दोघांनीही जन्मगाव सोडून दूर पूर्वेला देह ठेवला. त्यात ज्यू परंपरेत मोठ्या पंडिताला नावाच्या आद्याक्षरांनी ओळखायची रीत. रब्बी मोशे बेन मायमोन म्हणजे रामबाम आणि रब्बी मोशे बेन नाखमान म्हणजे रामबान. हिब्रूत फरक एका शेवटच्या अक्षराचा: मेम म्हणजे बंद चौकोन आणि नून म्हणजे ओळीखाली उतरलेली उभी रेघ. घाईत वाचणाऱ्याची गफलत व्हायचीच. मराठी माणसाची पंचाईत आणखी वेगळी. रामबान म्हटलं की त्याला रामबाण औषध आठवणार, आणि वैद्य म्हणून नाव काढलं ते मात्र दुसऱ्यानं, ‘म’वाल्यानं. इस्राएलमधल्या हैफातलं रामबाम हॉस्पिटल त्याच्याच नावाचं.

आधी हा ‘म’वाला. जन्म कॉर्डोबात, 1138 च्या सुमाराचा. 1148 मध्ये अल्मोहाद या कट्टर मुस्लिम राजवटीनं शहर घेतलं आणि ज्यूंना तिथं राहणं अवघड झालं. घरदार उचलून हे कुटुंब फिरत राहिलं. मोरोक्कोतलं फेझ, मग पॅलेस्टाईन, आणि अखेर इजिप्तमधलं फुस्टाट, म्हणजे जुनं कैरो. मोशे ग्रंथात रमलेला, तर धाकटा भाऊ डेव्हिड व्यापार करून घर चालवायचा. तो हिंदुस्थानच्या वाटेवर निघाला आणि समुद्रात बुडाला. त्याच्याबरोबर घरचा आणि लोकांचा पैसाही बुडाला. मोशे जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळून होता. भावाचं हस्ताक्षर दिसलं की अजून काळीज हलतं, असं त्यानं आठ वर्षांनंतरही एका पत्रात लिहिलं आहे.

पुढे पोटापाण्याचा आधार झाली ती वैद्यकी. ‘गाईड’ या त्याच्याच ग्रंथाचा हिब्रू अनुवाद करणाऱ्या इब्न तिब्बोनला 1199 मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यानं आपला दिवस सांगितलाय. भल्या सकाळी सुलतानाच्या दरबारी कैरोला जायचं, दुपार टळल्यावर उपाशीपोटी परतायचं. घरी येऊन पाहावं तर ओसरी माणसांनी भरलेली. जनावरावरून खाली उतरून हात धुवायचे, थोडं खाऊन घेतो म्हणून त्यांची परवानगी मागायची, आणि दिवसातलं ते एकमेव जेवण उरकून रात्रीपर्यंत रोगी तपासायचे. शेवटी इतकं थकायला व्हायचं की आडवं पडूनच औषध सांगायचं. अशा माणसानं ‘मिश्ने तोरा’ लिहून काढला, म्हणजे सगळ्या ज्यू धर्मशास्त्राची चौदा खंडांत लावलेली घडी. तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातला वादविवाद आणि बहुतेक ठिकाणी पंडितांची नावं गाळून त्यानं थेट निर्णय दिला. ‘आधार कुठाय?’ म्हणून त्यावर लगेच ओरडही झाली. अरबीत, पण हिब्रू लिपीत लिहिलेला ‘गाईड फॉर द परप्लेक्स्ड’ हा त्याचा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ. 1204 च्या डिसेंबरात तो फुस्टाटला वारला.

जाता जाता आपल्या बाजूची एक गोष्ट. दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना लिहिताना तो हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख करतो: त्यांना धर्मशास्त्र ठाऊक नाही, पण ते शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. हे वाचल्यावर कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ज्यू, आठवल्याशिवाय राहत नाहीत. पत्रात कोकणाचं नाव नाही, तरी बेने इस्राएलांच्या इतिहासात या ओळीचा उल्लेख हटकून येतो.

रामबाम गेला तेव्हा रामबान दहा वर्षांचा होता. जन्म 1194, गाव कॅटलोनियातलं जिरोना. दोघांची भेट झालीच नाही, वाद मात्र झाला. सगळीकडे एक सोपं वाक्य वाचायला मिळतं: रामबाम तर्कवादी, रामबान गूढवादी. मला ते अर्धंच पटतं. तोरा या ज्यू धर्मग्रंथावरच्या रामबानच्या भाष्यात कबालाचे, म्हणजे ज्यू गूढविद्येचे, इशारे आहेत खरे, ‘सत्याच्या मार्गानं’ असं म्हणून तो ते देतो आणि फार उलगडत नाही. पण दोघं खरे वेगळे कुठं होतात ते पाहायचं तर तोरातल्या एका गोष्टीत, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याच्या तंबूत जावं लागतं.

दुपारच्या उन्हात अब्राहाम दारात बसलाय. तीन पाहुणे येतात. तो धावतो, बायकोला, साराला, पीठ मळायला सांगतो, वासरू कापवतो. पाहुणे जेवतात, पोर होणार म्हणतात, आणि आत सारा हसते. रामबामचं म्हणणं, पाहुणे म्हणजे देवदूत, आणि देवदूत डोळ्यांना दिसत नसतात, तेव्हा हे सगळं अब्राहामला झालेलं दर्शन. रामबान चिडतो. मग साराने पीठ मळलंच नाही का? वासरू रांधलंच नाही? ती हसलीही नाही? असलं ऐकणंसुद्धा निषिद्ध, मानणं तर दूरच, असं तो लिहून मोकळा होतो. जेरूसलेमच्या प्राचीन देवळातल्या बळींचा मुद्दा असाच. लोकांना मूर्तिपूजेच्या सवयीतून हळूहळू बाहेर काढायला ती सोय होती, हे रामबामचं स्पष्टीकरण त्याला पोकळ वाटतं.

असं असूनही 1232 च्या सुमारास ‘गाईड’वर बंदीची भाषा सुरू झाली तेव्हा फ्रान्सच्या रब्बींना आवरणारं पत्र लिहिलं ते यानंच. येमेनमधले ज्यू आपल्या कद्दीश प्रार्थनेत रामबामचं नाव घेतात, याची त्यात तो आठवण देतो. शत्रूची बाजू कुणी अशी राखत नाही.

1263 मध्ये बार्सिलोनात अ‍ॅरागॉनचा राजा जेम्स पहिला याच्यासमोर त्याला पाब्लो ख्रिस्तियानी या ख्रिस्ती झालेल्या ज्यूशी जाहीर वाद घालावा लागला. राजानं बोलायची मोकळीक दिली, वादानंतर बक्षीसही दिलं. पण वादाचा वृत्तांत लिहून काढल्यावर डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी तक्रार केली आणि म्हातारपणी त्याला देश सोडावा लागला. 1267 मध्ये तो जेरूसलेमला पोचला. शहर उजाड. मुलाला पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की ज्यू म्हणावे तर दोन भाऊ, रंगारी. शब्बाथला त्यांच्या घरी जेमतेम दहा माणसं प्रार्थनेला जमतात. संगमरवरी खांबांचं आणि घुमटाचं एक पडकं घर सापडलं, त्याचं त्यानं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, केलं.

या गूढवादी म्हणवलेल्या माणसाची माझी आवडती गोष्ट अक्को बंदरातली. शेकेल या प्राचीन ज्यू नाण्याच्या वजनाबद्दल त्यानं आपल्या भाष्यात राशी या फ्रान्सच्या जुन्या भाष्यकाराला खोडून काढलं होतं. अक्कोत त्याला एक जुनं चांदीचं नाणं दाखवलं गेलं. त्यावरची प्राचीन लिपी शोमरोनी, म्हणजे समॅरिटन पंथाच्या, लोकांनी चटकन वाचून दिली: शेकेल. त्यानं नाणं तराजूत टाकलं, आणि राशीचंच वजन बरोबर असल्याचं भाष्याच्या शेवटी जोडून दिलं.